अजून दोन

ब्रेंट हॉलिस्टरला खुर्चीत बसवायचं, हे कार्ला निएमेलाने मर्नाच्या स्वयंपाकघरात ठरवलं. कसं आणि केव्हा, ते तेव्हा ठरलं नव्हतं. पण तिला घाई नव्हती. तिच्या घराण्यातल्या तीन पिढ्या लोखंडाच्या खाणीत गेल्या होत्या. दगड कुठून फुटेल हे बघत थांबायचा धीर तिच्या अंगातच होता.

खुर्ची म्हणजे काउंटीच्या आणीबाणी केंद्रातली. सरोवराच्या या दक्षिण किनाऱ्यावर कुणाचं घर पेटलं, कुणाची गाडी उलटली, कुणाचा श्वास अडकला, की नऊ-एक-एकचा फोन त्या खोलीत वाजतो. चार खुर्च्या, प्रत्येकीपुढे पडद्यांची रांग, खिडकी एकही नाही. कार्ला तिथे दुपारच्या पाळीची प्रमुख होती. त्याआधी कित्येक वर्षं ती मर्ना टोईवोनेनच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, आणि काम शिकली होती ते मर्नाकडूनच.

त्या खोलीत पूर्वी एक रीत होती. बसलेल्या माणसाचा आवाज सपाट झाला, किंवा तो पडद्याकडे बघतोय पण वाचत नाहीये असं दिसलं, की मागून कुणीतरी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं. हात पडला की उठायचं. का, कशाला, मी ठीक आहे, असलं काही बोलायचं नाही. हेडफोन त्याच्या हाती द्यायचा, मागच्या खोलीत जायचं, आणि जमेल तेव्हा सगळ्यांसाठी कॉफी घेऊन परत यायचं. त्या गोष्टीवर पुन्हा कुणी अक्षर काढायचं नाही. रीत खाणीतून आली होती. तिथे खाली ज्याच्या खांद्यावर हात पडला तो वर यायचा, मग तो मुकादम असो नाहीतर दगड वाहणारा.

ब्रेंटला हे पटलं नव्हतं. तो मोठ्या पुलापलीकडचा, राज्याच्या दक्षिणेतला. इकडचे लोक तिकडच्यांना ‘पुलाखालचे’ म्हणतात, गोष्टीतले राक्षस पुलाखाली राहतात तसे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. संचालक म्हणून आल्यावर त्याने पहिल्यांदा भिंतीवर एक मोठा पडदा लावला. फोन किती झटकन उचलला, किती वेळात संपवला, कुणी किती घेतले, सगळं त्यावर हिरव्या आकड्यांत दिसायचं. उशीर झाला की लाल. मध्येच माणूस बदलला की एका फोनची दोन माणसांच्या नावावर नोंद व्हायची आणि आकडे बिघडायचे. म्हणून त्याने हात ठेवणं बंद केलं. ज्याला उठायचंय त्याने मला सांगावं, तो म्हणाला, माझं दार कायम उघडं आहे.

त्याचं दार काचेचं होतं, आणि बहुतेक वेळ बंद असायचं.

वाईट वागायचा म्हणावं तर तसंही नव्हतं. सगळ्यांचे वाढदिवस त्याच्या ध्यानात असत. लोक थकलेत हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याने प्रत्येकाला लिंबाच्या आकाराचा एकेक रबरी चेंडू दिला. ताण आला की दाबायचा. दर बुधवारी मागच्या खोलीत चटया अंथरून श्वासाचे व्यायाम सुरू केले. रॉय लाफ्रनिएर, केंद्रातला सगळ्यात जुना माणूस, पहिल्या बुधवारी चटईवर आडवा झाला आणि सरळ घोरायला लागला. उठवल्यावर म्हणाला, “साहेबांनी आधी आम्हाला पिळलं आणि आता लिंबू दिलंय पिळायला. हिशेब बरोबर आहे.”

मग मार्च महिना आला. बर्फ वरून पक्का दिसतो आणि खालून सुटत असतो, तो महिना. दोन भाऊ बर्फावरची गाडी घेऊन गोठलेल्या सरोवरावर गेले, बर्फ फुटला आणि गाडी आत गेली. थोरल्याने काठाला धरून फोन लावला. फोन मर्नाकडे आला. ती त्याच्याशी बोलत राहिली, त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेऊन बोलत राहिली, आणि मग फोनमध्ये फक्त पाण्याचा आवाज राहिला. मर्नाने पुढचा फोन उचलला. त्याच्यानंतरच्या फोनवर एका माणसाच्या छातीत कळ आली होती, आणि तिने अ‍ॅम्ब्युलन्स चुकीच्या टाउनलाइन रोडवर पाठवली.

त्या काउंटीत टाउनलाइन रोड दोन आहेत, एक उत्तर टोकाला आणि एक दक्षिण टोकाला. नवीन आलेल्या प्रत्येकाला मर्ना पहिल्याच दिवशी तेच विचारायची: टाउनलाइन म्हटलं की पुढचा प्रश्न काय? जो ‘कुठला’ म्हणायचा नाही, त्याला ती जेवायला जाऊ द्यायची नाही. तीच मर्ना त्या दिवशी विचारायला विसरली. माणूस गेला.

चौकशी झाली तेव्हा ब्रेंटने सांगितलं की वैयक्तिक चूक आहे, दुर्दैवी आहे. तिने उठायचं म्हटलं असतं तर मी त्याच क्षणी उठवलं असतं. पण तिने मागितलंच नाही.

मर्ना म्हणाली, मी हात वर केला होता. तो काचेपलीकडे उभा होता, फोनवर बोलत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं दाखवली. अजून दोन.

हे दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. रॉयची पाठ त्या बाजूला होती. कार्ला त्या आठवड्यात राजधानीत प्रशिक्षणाला गेली होती. फोनवरचं बोलणं सगळं मुद्रित होतं, पण हाताच्या खुणेचा कुठे आवाज राहत नाही. एकीकडे संचालकाचा शब्द आणि दुसरीकडे जिच्या हातून माणूस गेला तिचा. केंद्रावर देखरेख करणाऱ्या काउंटीच्या मंडळाने संचालकाचा धरला.

मर्नाचं काम गेलं, तिचा परवानाही गेला. त्याहून वाईट म्हणजे मेलेला माणूस तिच्याच चर्चमधला होता. रविवारी ती बसायची तो बाक रिकामा व्हायला लागला. दुकानात ती रांगेत उभी राहिली की पुढची बाई आपली टोपली उचलून दुसऱ्या रांगेत जायची. कोणी काही बोलत नव्हतं. इकडचे लोक बोलत नाहीतच. तीच तर शिक्षा असते. शेवटी मर्नाने जाणं सोडलं. घरातला फोन भिंतीतून काढून कपाटात ठेवला. तिला भेटायचं तर गाडी काढून जावं लागायचं, आणि कार्ला जायची. मर्ना तिच्यासमोर बसून एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने बोलायची. “मी हात वर केला होता, कार्ला. माझी चूक माझीच आहे, ती मी कुणाला देत नाही. पण हात मी वर केला होता.”

कार्लाला एवढंच हवं होतं. ते वाक्य ब्रेंटच्या तोंडून, चार लोकांत. आणि ते सहजासहजी निघू नये, एवढीही तिची इच्छा होती.

मर्नानंतर आणखी दोघांनी काम सोडलं, तेव्हा मंडळाने ब्रेंटला विचारलं की चाललंय काय. त्याने डेट्रॉईटहून एक सल्लागार आणला. सल्लागाराने दोन दिवस सगळ्यांशी गोड बोलून निष्कर्ष काढला: कर्मचारी आतून जळून चाललेत, आणि नेतृत्वाने त्यांच्या जागी बसून बघायला हवं. वरिष्ठांनी एक तास खुर्चीत बसावं, लोकांच्या देखत. ब्रेंटला ही कल्पना फार आवडली. कुठल्याशा मोठ्या शहरात त्याने तरुणपणी हे काम केलं होतं, परवाना तो दरवर्षी नवा करून घ्यायचा, आणि फोटोत तो चांगला दिसायचा. त्याने मंडळातल्या जून बुशार्डला बोलावलं, गावच्या वर्तमानपत्राच्या मुलीला बोलावलं, आणि कार्लाला विचारलं की जरा निवांत वेळ कुठली.

“अगदीच मुर्दाड नको,” तो म्हणाला. “पण गोंधळही नको. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

कार्लाला कळत होतं. तिने आपल्या मेजावरचा हवामानाचा नकाशा बघितला. नोव्हेंबर संपत आला होता आणि सरोवर अजून गोठलं नव्हतं. पाणी अजून उबदार होतं, वरून येणारी हवा कोरडी आणि फार थंड. गुरुवारी वारा पश्चिमेकडून वायव्येकडे वळणार होता, म्हणजे सरोवराच्या लांबीभर पाण्यावरून घासत येणार होता. अशी हवा वाटेतली वाफ उचलते आणि किनारा लागला की एका अरुंद पट्ट्यात ती सगळी बर्फ म्हणून ओतते. पट्ट्याबाहेर ऊन असतं आणि आत स्वतःचा हात दिसत नाही. हवामान खात्याने ‘शक्यता आहे’ एवढंच म्हटलं होतं. पट्टा महामार्गावर येईल की चार मैल पलीकडे जंगलात पडेल, हे कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. कार्लाने वाऱ्याचे बाण पुन्हा एकदा बघितले.

“गुरुवारी दुपारी, जेवणानंतर,” ती म्हणाली. “त्या वेळी आम्ही बहुधा पत्ते खेळत असतो.”

हे खोटं नव्हतं. रॉयने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे पाहिलं, आणि आपला चष्मा पुसायला घेतला.

तिने तयारी पूर्ण केली. बर्फ पडेलसं वाटतंय म्हणून सुट्टीवरच्या दोघींना बोलावून घेतलं. म्हणजे बाकीच्या तीन खुर्च्यांवर पक्की माणसं. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगराच्या गाड्या कुठे उभ्या आहेत याची चौकशी करून ठेवली. आणि आपल्या हेडफोनची तार ब्रेंटच्या खुर्चीला जोडली, पाळीचा प्रमुख नवख्याच्या वेळी जोडतो तशी. त्याच्या कानात पडेल तो प्रत्येक शब्द तिच्याही कानात पडणार होता. फोन करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये, असं तिने स्वतःला बजावलं होतं. धक्का एकालाच लागायला हवा होता.

गुरुवारी ब्रेंट नवा निळा शर्ट घालून आला. जून बुशार्ड मागे भिंतीशी खुर्ची घेऊन बसली, मांडीवर कोट. नवरा गेल्यापासून गळ आणि आमिषं विकायचं दुकान ती एकटी चालवत होती, आणि कुणी तिला गोड बोलून काही विकलंय असं ऐकिवात नव्हतं. वर्तमानपत्राच्या मुलीने फोटो काढले. पहिला फोन एका बाईचा, गाडी चरात घसरली होती, लागलं कुणालाच नव्हतं. ब्रेंटने तो सुरेख घेतला. आवाज शांत, प्रश्न ओळीने. भिंतीवरचा आकडा हिरवा. तो खुर्ची वळवून जूनला म्हणाला की मुळात सगळा खेळ श्वासाचा आहे.

“असं का,” जून म्हणाली.

मग पट्टा आला. तो नेमका महामार्गावरच आला. खोलीत खिडकी नसल्यामुळे तो दिसला नाही, ऐकू आला. चारही खुर्च्यांपुढचे फोनचे दिवे एकदम लागले. दुधाचा टँकर रस्त्यात आडवा झाला होता आणि मागून येणाऱ्या गाड्या पांढऱ्यात घुसून एकेक त्याच्यावर आदळत होत्या. रॉय आणि त्या दोघी कामाला लागले. जुन्या बायकांनी भाजी निवडावी तसे त्यांचे हात चालत होते. ब्रेंटने एका ट्रकवाल्याचा फोन घेतला, तो नुसता शिव्या देत होता. मग एका मुलीचा, ती कुठे आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. मग एकाचा, ज्याच्या आवाजामागे दुसरं कुणीतरी कण्हत होतं. ब्रेंटचे प्रश्न ओळ सोडायला लागले. तो पडद्याकडे बघत होता. वाचत नव्हता.

कार्ला त्याच्या मागे उभी होती. तिला ते दिसलं. याच घटकेला पूर्वी हात पडला असता.

तिने हात पाठीमागे बांधले.

पुढचा फोन एका म्हाताऱ्याचा होता. आर्व्हिड सारी, सरोवराकडेच्या रस्त्यावरून. बायको, एल्मा, स्वयंपाकघरात पडली होती. हलत नव्हती. श्वास घेत नव्हती असं त्याला वाटत होतं. ब्रेंटने पत्ता घेतला, बरोबर घेतला, रॉयने तो पकडून अ‍ॅम्ब्युलन्सला दिला आणि नांगराच्या गाडीला तिच्यापुढे घातलं. तेवढ्यात ब्रेंटच्या समोरचे आणखी दोन दिवे लुकलुकायला लागले आणि भिंतीवरचा त्याचा आकडा लाल झाला. ब्रेंट म्हाताऱ्याला म्हणाला, “जरा थांबा हं.”

त्या खोलीत तो शब्द कुणी वापरत नाही. रॉयसुद्धा वळला.

कार्लाने आपल्या तारेवरचं बटण दाबलं. “आर्व्हिड, मी कार्ला. मी आता तुमच्याबरोबर आहे, कुठे जात नाही. फोन जमिनीवर ठेवा, आवाज मोठा करा. एल्माच्या शेजारी गुडघे टेका. तळहात छातीच्या मधोमध. दुसरा त्याच्यावर. आता जोरात खाली दाबा, माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.”

“तिला लागेल,” म्हातारा म्हणाला.

“लागू दे. दाबा. एक, दोन, तीन, चार.”

ब्रेंटचे हात मेजावर पालथे पडले होते. तिचा आवाज त्याच्या कानात चालू होता. हेडफोन काढायचं त्याला सुचत नव्हतं. म्हाताऱ्याचा श्वास, जमिनीवर घासणारे गुडघे, मधेच “एल्मा, एल्मा”, सगळं त्याला ऐकू येत होतं. समोरचे दोन दिवे लुकलुकत होते. तो मागे रेलला. थोडासा, खांदा तिच्या हातापाशी येईल इतकाच. कार्ला जागची हलली नाही. मग त्याने मान वळवली. चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता.

“कार्ला,” तो हलकेच म्हणाला, आपलं बटण बंद करून. “हात ठेव ना.”

म्हणजे रीत त्याला नीट ठाऊक होती. ती कशासाठी असते हेही ठाऊक होतं.

कार्ला मोजत होती. एक, दोन, तीन, चार. मोजता मोजता तिने उजवा हात पाठीमागून पुढे आणला, त्याच्या चेहऱ्यासमोर धरला, आणि दोन बोटं वर केली.

त्याला कळायला वेळ लागला नाही. त्या वेळी तिच्या अंगातून जे गेलं ते कढत होतं आणि गोड होतं, आणि त्या गोडीत तिचा आकडा एकदा अडखळला. तीननंतर जीभ उचलली नाही. आर्व्हिडही थांबला, तिच्या आवाजाच्या मागे चालणाऱ्या माणसासारखा. “चार,” ती म्हणाली. “एक, दोन, तीन, चार. छान करताय. थांबू नका.”

ब्रेंट वळला. त्याने पहिला दिवा घेतला. एक लहान मुलगी होती, मागच्या सीटवर. वडील पुढे बसलेत आणि बोलत नाहीत, असं सांगत होती. त्याने तिचं नाव विचारलं, गाडीचा रंग विचारला, लाल, ती सांगत गेली, तो लिहीत गेला, आणि रॉयने त्याच्या खांद्यावरून वाचून माणसं पाठवली. मग त्याने दुसरा दिवा दाबला. कुणीतरी बाई बोलायला लागली. ब्रेंटने तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. बाई हॅलो, हॅलो म्हणत राहिली. रॉयने तो फोन पलीकडून ओढून घेतला, ब्रेंटकडे न बघता.

ब्रेंटने हात मांडीवर घेतले. मग नुसता बसून राहिला. कार्ला मोजत होती. म्हाताऱ्याच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला, बुटांचा आवाज आला, कुणी खणखणीत आवाजात म्हणालं, “बाजूला व्हा काका, आम्ही आलोय,” आणि थोड्या वेळाने दुसऱ्या कुणीतरी म्हटलं की नाडी लागतेय. तेव्हा कार्लाने हेडफोन उतरवला.

पट्टा जसा आला तसा पुढे सरकला. दिवे एकेक करून विझले. जून बुशार्डने मांडीवरचा कोट बाजूला ठेवला.

“हॉलिस्टर, मला एक सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या माणसाला असं झालं, मघाशी तुम्हाला झालं तसं, तर तो उठतो कसा?”

“मला सांगतो,” ब्रेंट म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “मला सांगायचं असतं.”

“आणि ती दोन बोटं कसली?”

ब्रेंटने कार्लाकडे पाहिलं.

“त्यांनाच विचारा,” कार्ला म्हणाली. “मी तर फक्त त्यांची खूण त्यांना परत दिली.”

तो नाकारू शकला असता. कार्लाला त्याचीच भीती होती. पाणी डोक्यावरून गेलं तरी माणूस खोटं बोलू शकतो, हे तिने फोनवर हजारदा ऐकलं होतं. पण रॉयने आपली खुर्ची वळवली होती. त्या दोघींनीही वळवल्या होत्या. ब्रेंट चौघांच्या मधोमध बसला होता, मर्नाच्याच जागी, आणि त्याच्या कानात बहुधा ती लहान मुलगी अजून बोलत होती.

“मर्नाने हात वर केला होता,” तो म्हणाला. “मी बघितला. महिना संपायला आला होता, आकडे चांगले होते. मला वाटलं, दोन फोन काय, घेईल ती.”

“आणि आम्हाला सांगितलंत तिने मागितलंच नाही.”

“हो.”

वर्तमानपत्राची मुलगी लिहीत होती. जूनने तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिला थांबवलं नाही. मग कोट चढवत ती ब्रेंटला म्हणाली की सोमवारी मंडळापुढे हेच, याच शब्दांत, आणि त्यानंतर त्याच्या खुर्चीचं काय करायचं ते मंडळ बघेल. जाताना तिने कार्लापाशी थांबून हवामानाच्या नकाशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर मासेमारांना सरोवराची हवा सांगणारी बाई ती. मग बाहेर पडली.

ब्रेंट खुर्चीतच बसून होता. त्याच्या मागून चार माणसं गेली-आली. कुणीही हात ठेवला नाही. कॉफी केली ती रॉयने, आणि पेले मोजून आणले, एक कमी. बऱ्याच वेळाने ब्रेंट मेजाला धरून स्वतःच उभा राहिला आणि काचेच्या दारापर्यंत भिंतीच्या कडेकडेने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ला मर्नाकडे गेली. ऊन पडलं होतं, रस्ते मोकळे होते. महामार्गाच्या कडेला चेपलेल्या गाड्यांची ओळ अजून उभी होती. त्यातल्या एका लाल गाडीपाशी तिने वेग कमी केला आणि मग वाढवला. मर्नाने वेलदोड्याचा पाव नुकताच भाजला होता. वर्तमानपत्र तिच्यापर्यंत पोचलेलं होतं, घडी घालून मेजावर ठेवलेलं. पहिल्याच पानावर तिचं नाव होतं, आणि त्याखाली ब्रेंटचे शब्द.

“चर्चच्या पाळकांनी स्वतः आणून दिलं,” मर्ना म्हणाली. “पायरीवर उभे राहिले. आत या म्हटलं नाही मी. उभं राहू दिलं जरा.”

“चांगलं केलंस.”

मर्नाने पाव कापला, लोणी पुढे सरकवलं. “ती बाई वाचली का? पेपरात नाहीये.”

“एल्मा. इस्पितळात आहे. सकाळी डोळे उघडले म्हणे. पण आर्व्हिडला ओळखलं की नाही, ते अजून नीट कळत नाही त्यांना. मेंदूला किती वेळ रक्त नव्हतं त्यावर आहे.”

मर्नाने मान हलवली. मग खुर्ची ओढून घेतली, दोन्ही कोपर मेजावर टेकले, आणि कित्येक महिन्यांत नव्हती अशी तरतरी तिच्या चेहऱ्यावर आली.

“आता सांग. त्याचं तोंड कसं झालं होतं? पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”

कार्लाने सांगितलं. निळा शर्ट, श्वासाचा खेळ, टँकर, ‘जरा थांबा हं’. तिथे मर्नाने कपाळावर हात मारला. मागे रेललेला खांदा सांगितला तेव्हा ती हसली. इतकी हसली की तिला डोळे टिपावे लागले. दोन बोटांची गोष्ट तिने पुन्हा सांगायला लावली. कार्लाने पुन्हा सांगितली, आणि या वेळी बोटं प्रत्यक्ष वर करून दाखवली.

मर्नाचं हसू हळूहळू ओसरलं. ती त्या बोटांकडे बघत होती.

“त्या वेळी तू म्हाताऱ्याला मोजून देत होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“मोजता मोजता हे केलंस.”

“हो.”

“आकडा चुकला नाही ना?”

मर्नानेच तिला मोजायला शिकवलं होतं. काहीही होवो, छप्पर कोसळो, आकडा थांबता कामा नये. तू थांबलीस की तिकडचे हात थांबतात.

“नाही,” कार्ला म्हणाली.

मर्नाने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग पावाचा आणखी एक काप तिच्या ताटलीत ठेवला. कार्लाने तो खाल्ला. चव चांगली होती.